रेडिओ रूपक : विज्ञान, नीती आणि ऐकणारा माणूस



तत्त्वज्ञानाच्या माणसाने रेडिओवर काय बोलावं, असं विषयपत्रिका बघून कुणाला वाटलं असेल. पण माणसाला कळतं कसं, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि कळलं त्याचं पुढे करायचं काय, हे प्रश्न आमच्या शास्त्रात दोन-अडीच हजार वर्षं चघळले जात आहेत. चांगल्या रेडिओ रूपकात ते अर्ध्या तासात एकत्र येतात. म्हणून हा विषय घेतला.

आधी शब्द नीट समजून घेऊ. एकच माणूस कागद वाचून बोलतो ते भाषण. नट बोलतात ते नभोनाट्य. काल काय घडलं ते सांगते ती बातमी. रूपकात, ज्याला आता सर्रास डॉक्युमेंटरी म्हणतात, खरी माणसं आपापल्या तोंडाने बोलतात, जागेचे खरे आवाज येतात, आणि निवेदक धाग्यासारखा मधून जातो. चित्र नसतं. पंप किती मोठा होता हे त्याच्या घरघरीवरून ओळखायचं आणि बाई थकली आहे हे तिच्या श्वासावरून. चित्र नाही हे वैगुण्य नव्हे. डोळा माणसाचे कपडे, जात, वय, घर यांचा अंदाज आधी बांधतो आणि मग ऐकतो. कानाला तेवढी सोय नसते. अर्थात बोलीवरून कान पुष्कळ काही ताडतो, त्याकडे पुढे येऊच.

जाता जाता एक. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरीत लावून दिला आहे. वत्सगुल्म म्हणजे हे आपलं वाशीम. तेव्हा बोलण्या-ऐकण्याची गोष्ट इथे काढायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आता मुद्द्याकडे. विज्ञान रेडिओवरून लोकांपर्यंत न्यायचं आणि त्यावर लोकांना बोलतं करायचं, याचा महाराष्ट्रातला सर्वात शिस्तशीर प्रयोग 1956 सालचा. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम केले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली होती. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचं श्रोतामंडळ. ते एकत्र बसून ऐकायचं, ऐकून झालं की चर्चा करायचं, चर्चेचा अहवाल आणि शंका पुण्याला पाठवायचं, आणि शंकांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं मिळायची. कल्पना कॅनडातली, तिथे 1941 पासून शेतकऱ्यांची अशी मंडळं चालू होती. (आमचा वऱ्हाड यात नव्हता. त्या वसंतात आपण अजून जुन्या मध्य प्रदेशात होतो, नोव्हेंबरात मुंबई राज्यात आलो.)

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती आणि काम पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने पाहिलं. त्याने केलेली तुलना फार शहाणपणाची होती. एका बाजूला मंडळ असलेली गावं, दुसऱ्या बाजूला रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली, तिसऱ्या बाजूला रेडिओच नसलेली. आधी आणि नंतर, तिन्हीकडे प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत जेमतेम.

हे नीट लक्षात घ्या. लहरी त्याच, आवाज तोच. फरक होता तो ऐकल्यावर शेजाऱ्याशी झालेल्या बोलण्याचा. ज्ञान म्हणजे वरून ओतायची वस्तू आणि लोक म्हणजे रिकामी घागर, ही समजूत त्या दहा आठवड्यांत खोटी ठरली. 1959 नंतर ही योजना देशभर नेली आणि पुढे ती विरत गेली. का विरली यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आमच्या मते मुख्य कारण असं, की मंडळाकडून येणाऱ्या प्रश्नांना उत्तर देण्याची उमेद आधी संपली आणि मंडळं नंतर संपली.

दुसरा मोठा प्रयत्न 1991चा. केंद्र सरकारची राष्ट्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान संचार परिषद आणि आकाशवाणी यांनी मिळून 'मानव का विकास' ही मालिका काढली. 144 भाग, अठरा भाषा. माणूस कुठून आला हे घराघरात दर आठवड्याला सांगणं, तेही पोथी-पुराणांवर वाढलेल्या देशात, ही साधी गोष्ट नव्हती. राज्यघटनेच्या 51 अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून 1976 सालीच लिहिलं गेलं होतं. पण कर्तव्य कागदावर असणं वेगळं आणि रविवारी सकाळी चहा पिताना 'आपला आणि माकडाचा पूर्वज एक' हे कानावर येणं वेगळं.

तरी या दोन्ही प्रयोगांत बोलणारे बहुधा जाणकारच होते. सामान्य माणूस प्रश्न विचारायचा किंवा ऐकायचा. तो स्वतः साक्षीदार म्हणून कधी आला? इंग्लंडमधला एक टप्पा सांगण्यासारखा आहे. तिथे कामगारांच्या मुलाखती घेऊन, त्यांचा मजकूर लिहून काढून, तो नटांकडून वदवण्याची रीत होती. 1958 साली चार्ल्स पार्कर, इवन मॅकॉल आणि पेगी सीगर यांनी जॉन अॅक्सन या रेल्वे इंजिन-चालकावर कार्यक्रम केला. आदल्या वर्षी ब्रेक निकामी झालेली गाडी न सोडता हा माणूस मेला होता. त्यांनी त्याच्या सहकाऱ्यांचे ध्वनिमुद्रित आवाज तसेच ठेवले. मधे गाणी, पण बोलणं कामगारांचं. हलवता येण्याजोगं टेपरेकॉर्डर आलं नसतं तर हे झालं नसतं. यंत्रामुळे नीतीचा प्रश्न कसा बदलतो पाहा. आवाज आणता येत नव्हता तोवर नट वापरणं ही अडचण होती, आणता आल्यावर तीच लबाडी ठरते.

आता आपल्याकडचा विषय घेऊन हे करून बघू. समजा, वाशीमच्या चार मुलांनी कापसावर रूपक करायचं ठरवलं.

बीटी कापसाला देशात 2002 साली परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. 2017च्या हंगामात काय झालं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. 10 जून 2019 रोजी अकोल्याच्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर इथे, शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं बियाणं जाहीरपणे पेरलं. सरकारी भाषेत एचटीबीटी, गावात चोर बीटी. कायदा मोडतो आहोत हे सांगून मोडला.

मुलं मायक्रोफोन घेऊन निघाली. शेतकरी म्हणतो, निंदायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. ही वस्तुस्थिती. अधिकारी म्हणतो, चाचण्या पूर्ण झालेल्या नाहीत, बियाणं बेकायदा आहे. हीही वस्तुस्थिती. शास्त्रज्ञाकडे गेलं तर ग्लायफोसेटबद्दल दोन मतं सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली ते माणसात कर्करोग होण्यास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तसं मानलं नाही. ऐकणारा म्हणतो, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग आपण काय करा बावा! इथे निवेदकाचं काम सुरू होतं. धोका आणि जोखीम हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शेतातल्या उघड्या विहिरीत धोका आहेच. पण जोखीम किती, हे कठडा आहे का, रात्री कोण जातं, पोरं कुठे खेळतात यावर ठरतं. पहिल्या संस्थेने मुख्यतः विहीर आहे का ते पाहिलं. दुसरीने लोक विहिरीजवळ किती जातात ते. सगळा वाद एवढ्यानेच मिटत नाही, पण ऐकणाऱ्याला वादाची जागा कळते.

आणि मग मुलांना आठवतं, की निंदणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नाही. तणनाशक आलं की तिची मजुरी जाते. निंदण हे आपल्याकडे मुख्यतः बायांचं काम. शेतकऱ्याची बचत आणि तिची चूल एकाच वाफ्यात आहेत. तिला विचारलं तर ती कदाचित असंही म्हणेल, की कंबर मोडते, हे काम गेलं तर बरंच, पण दुसरं काय देता ते सांगा. कार्यकर्त्याच्या आणि कंपनीच्या, दोघांच्याही कागदात हे वाक्य बसत नाही. म्हणूनच ते ध्वनिमुद्रित व्हायला हवं.

डेव्हिड ह्यूमने 1740 साली दाखवलं, की 'आहे' या वाक्यांच्या राशीतून 'असावं' हे वाक्य आपोआप निघत नाही. मजूर मिळत नाही, बियाणं बेकायदा आहे, मजुरी जाते, ही सगळी 'आहे'ची वाक्यं. बियाणं पेरावं की नाही हे त्यातून ठरवताना मधे मूल्य घालावं लागतं, आणि ते कुणी घातलं हे उघड दिसलं पाहिजे. वाईट रूपक ते चोरून घालतं. कसं? शेवटचं वाक्य कुणाला दिलं, कुणाच्या बोलण्याखाली उदास बासरी सोडली, कुणाचा खोकला कापला आणि कुणाचा ठेवला, यातून. कात्री बोलत नाही, पण मत देते.

तिला विचारायचं खरं, पण तिचं मानायचं किती? न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण आहे, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगायची इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायनाने पुढे असं स्पष्ट केलं, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू. जन्माचा संबंध नाही, पदवीचाही नाही. आमच्या मते ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोरांना यापेक्षा चांगली कसोटी मिळणार नाही. विषाची मात्रा किती झाली की जीव जातो, यात विषशास्त्रज्ञ आप्त. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत, रबरी हातमोजे आणि मुखवटा घालून दिवसभर फवारता येतं का, यात फवारणारा आप्त. दोघांनाही एकमेकांच्या जागी बसवलं की घोटाळा होतो. फवारणाऱ्याने मोजे घातले नाहीत म्हणून तोच दोषी, असं वातानुकूलित खोलीतून सांगणारा तज्ज्ञ आपली हद्द ओलांडतो. आणि औषध आपल्याला सोसतं असं छातीठोक सांगणारा फवारणीवालाही.

बोलीचं म्हटलं होतं. वऱ्हाडी माणूस 'मले काई समजलंच नाई, काऊन चक्कर आली त' असं बोलतो, आणि लगेच निवेदक शुद्ध मराठीत तेच पुन्हा समजावतो. मराठीचं मराठीत भाषांतर! जणू आधीचं बोलणं नुसतं वातावरणनिर्मितीसाठी होतं, बैलांच्या घुंगरांसारखं. आम्हाला ही सवय अपमानकारक वाटते. एखादा शब्द अडला तर सांगावा, बाकी तसंच जाऊ द्यावं.

दुसरी गोष्ट संमतीची. छापील मुलाखतीत नाव बदलता येतं. आवाजाचं काय? चारशे उंबऱ्यांच्या गावात आवाज दोन शब्दांत ओळखू येतो. कर्जापायी नवरा गेला त्या बाईने सावकाराबद्दल काही सांगितलं, तर नाव न घेताही संध्याकाळपर्यंत सावकाराला कळतं. रडणं मुद्रित करणं सोपं आहे, आणि अर्ध्या तासात कुठेही चालतं. 2006 साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं त्या सहा जिल्ह्यांत आपलाही होता. तेव्हापासून आपल्या बायांचं रडणं बऱ्याच जणांनी नेलं. म्हणून तयार झालेलं रूपक प्रसारणाआधी तिला ऐकवावं आणि नको म्हणाली तर ते वाक्य काढावं. याने कार्यक्रम कमजोर होतो, असं आक्षेप घेणारे म्हणतात. होऊ द्या.

राहिला प्रश्न प्रसारणाचा. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये म्हटलं, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सामुदायिक रेडिओ आधी शिक्षणसंस्थांपुरता होता. 2006च्या धोरणाने तो स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला. 2008 साली तेलंगणातल्या झहीराबादजवळ माचनूरला दलित शेतकरी बायांनी संगम रेडिओ सुरू केला. ज्वारी-बाजरीची बियाणं, रोगराई, मजुरी, सगळं त्यांच्याच बोलीत. आपल्याकडे साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग आहे. मात्र या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. म्हणजे कपाशीच्या तणावर बोला, पण काल कोणत्या गावात फवारणीने माणूस दवाखान्यात गेला ते सांगताना दहादा विचार करा. त्यातच रूपकाला फट सापडते, कारण ते बातमी नसतं. महिनाभराने, नीट चौकशी करून, सगळ्यांना बोलतं करून येतं.

लहरींचा परवाना मिळेपर्यंत थांबायचंही कारण नाही. मंगरूळपीर, मानोरा, रिसोड, कुठेही वीस माणसं पारावर बसवा, मोबाइलवरून अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण लावा, आणि संपल्यावर यंत्र बंद करून गप्प बसा. पहिली पाच मिनिटं कुणी बोलणार नाही. मग मागून एखादी बाई म्हणेल, हे बराबर नाई सांगितलं. ते लिहून घ्या आणि ज्याने ध्वनिमुद्रण केलं त्याला पाठवा.

वेळ झाली आहे, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.