पोकळ भिंत भरावी कीं न भरावी ?



गेल्या थंडीच्या प्रारंभीं माझ्या पुतण्याचें विलायतेहून पत्र आलें. तो वेल्समधील स्वान्सी या समुद्रकांठच्या शहरीं राहतो. तेथें त्यानें एक जुनें जोडघर विकत घेतलें आहे. बांधणी सन १९३५ च्या सुमाराची. तो लिहितो, "काका, दारावर एक गृहस्थ आले होते. ते म्हणतात, तुमच्या भिंती आंतून पोकळ आहेत. त्या आम्ही एका दिवसांत भरून देतों, घर उबदार होईल आणि इंधनाचें बिल उतरेल. आईला यंदां येथली थंडी फार बाधते आहे. तुम्ही सारा जन्म विटा-चुन्यांत काढलात, तर भरूं कीं नको तें कळवा."

प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर एका ओळींत मावेना. आपल्यांपैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें त्या देशीं अशाच घरांतून राहत असतील. म्हणून तें उत्तर आज येथें जरा विस्तारानें सांगतों.

प्रथम ही पोकळ भिंत म्हणजे काय तें पाहूं. ब्रिटनमधील जुनीं घरें बहुधा नऊ इंची सलग भिंतींचीं असत. अशा भिंतीवर पाऊस सारखा लागून राहिला म्हणजे ओल हळूहळू आंत सरके व खोलींतला गिलावा फुगे. त्यावर तोड म्हणून एका भिंतीच्या दोन भिंती करण्याची रीत निघाली, आणि १९२० नंतर ती रूढ होत गेली. विटांचा एक पदर बाहेर, एक आंत, मध्यें सुमारें दोन इंचांची मोकळी जागा, आणि दोहोंना जागजागीं धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, अशी ही रचना. बाहेरचा पदर भिजतो. पाणी त्याच्या आंतल्या अंगानें खालीं उतरतें, व पोकळी ओलांडतां न आल्यामुळें आंतला पदर कोरडा राहतो. ही पोकळी उबेसाठीं नव्हे, पावसासाठीं ठेवलेली आहे, हें ध्यानांत असूं द्यावें. माझें पुढचें सारें म्हणणें या एका गोष्टीवर उभें आहे.

भिंत पोकळ आहे कीं सलग, हें बाहेरून बहुतेक ओळखतां येतें. सर्व विटा लांबीनेंच मांडलेल्या दिसल्या तर ती पोकळ. मधून मधून विटेचें आखूड तोंड दिसलें तर सलग. बाहेरून गिलावा केलेला असल्यास खिडकीपाशीं भिंतीची जाडी मोजावी. ती दहा इंचांहून अधिक भरली तर पोकळ असण्याचा संभव अधिक.

आतां कोणी म्हणेल, हवा ही तर उष्णतेची मंद वाहक. मग पोकळींत हवा असतां भिंत थंड कां? हवा मंद वाहक खरी, पण ती स्वस्थ बसली तर. दोन इंचांच्या पोकळींत ती स्वस्थ बसत नाहीं. आंतल्या उबदार पदराला लागून ती तापते व वर चढते, बाहेरच्या गार पदराला लागून निवते व खालीं उतरते, आणि हा रहाट रात्रंदिवस चालून घरांतली ऊब बाहेर ओतीत राहतो. शिवाय एक पदर दुसऱ्याकडे किरणांच्या रूपानें उष्णता फेकतो, ती वेगळीच. आपल्या रजईची ऊब कापसाची नसते. कापसाच्या तंतूंत अडकून पडलेल्या हवेची असते. पोकळींत खनिज लोकर किंवा पॉलिस्टायरीनचे बारीक मणी भरतात, ते हवेला असेंच जखडून ठेवण्यासाठीं.

लाभ किती, तें आंकड्यांनीं पाहिलेलें बरें. आंतबाहेरच्या तपमानांत एका अंशाचा फरक असतां रिकाम्या पोकळीच्या भिंतींतून दर चौरस मीटरास सुमारें दीड वॅट उष्णता जाते. भरलेल्या भिंतींतून सुमारें अर्धा वॅट. घरांत २० अंश, बाहेर ५ अंश, आणि बाहेरच्या भिंतींचें क्षेत्र ८० चौरस मीटर धरलें, तर पहिल्या घरांतून १८०० वॅट व दुसऱ्यांतून ६०० वॅट निसटतात. म्हणजे आमचे चिरंजीव १२०० वॅटची विजेची शेगडी अंगणांत पेटवून बसले आहेत असें म्हणावयास हरकत नाहीं ! शिवाय वहिनींच्या पलंगाशेजारची भिंत हातास गार लागेनाशी होईल, हा लाभ कोणत्याही बिलांत दिसत नाहीं.

काम खरोखरच सोपें आहे. बाहेरच्या पदराच्या सांध्यांतून सुमारें एक-एक मीटर अंतरावर बोटाएवढीं भोंकें पाडतात, नळीनें माल आंत फुंकतात, भोंकें बुजवितात. खोल्यांतलें सामान हलवावें लागत नाहीं. दारावर आलेले गृहस्थ या बाबतींत खोटें बोलत नव्हते.

पण त्यांनीं पावसाचें नांव काढलें नाहीं, आणि मला खटकलें तें हेंच. कोंकणांतल्या माणसास पाऊस आणि झड यांतला भेद समजावून सांगावा लागत नाहीं. सरळ पडणारा पाऊस छपराचा वैरी. वाऱ्यावर स्वार होऊन आडवी येणारी झड भिंतीची वैरीण. म्हणून तर मिरगापूर्वीं घराच्या वाऱ्याकडील अंगास झांप बांधण्याची चाल पडली. ब्रिटनमध्येंही झडीच्या जोरावरून देशाचे चार विभाग पाडलेले आहेत, आणि वेल्स, कॉर्नवॉल, स्कॉटलंड यांचे पश्चिम किनारे कडक विभागांत मोडतात. जें घर देशाच्या मध्यभागीं, शेजारच्या घरांच्या आडोशास आहे, त्याची भिंत भरण्यास सहसा भीति नाहीं. समुद्राकडे तोंड करून उघड्यावर उभ्या असलेल्या भिंतीचा विचार निराळा.

भरण्याचा माल स्वतः पाणी पीत नाहीं. लोकरीसही पाणी न धरण्याचा संस्कार केलेला असतो. परंतु बाहेरच्या विटा पिचलेल्या, दर्जा निघालेल्या, पन्हळ गळकी, अशा भिंतींतून झडीचें पाणी पुष्कळ आंत येतें. पूर्वीं तें मोकळ्या पोकळींतून खालीं जात असे. आतां भरण्यांत कोठें फटी राहिल्या असल्या, तर त्यांतून वाट काढीत तें आंतल्या पदराशीं पोंचतें, आणि भिंतीवर काळ्या बुरशीचे डाग उठतात. त्यांतच जुन्या गवंड्यांचा एक आळस नडतो. बांधतांना सांध्यांतून निसटलेला माल त्यांनीं पोकळींत तसाच पडूं दिलेला असतो. तो पट्ट्यांवर गोळ्यांनीं चिकटतो, तळाशीं ढिगानें सांठतो. हा राडा म्हणजे पाण्यास ओलांडून जाण्यासाठीं बांधलेला आयता पूलच. लोखंडी पट्ट्याही इतक्या वर्षांत गंजलेल्या असूं शकतात. त्या भिंत भरण्यापूर्वीं तपासाव्या, मागाहून नव्हे. तक्तपोशीखालीं हवा खेळावी म्हणून जोत्यापाशीं बसविलेल्या जाळीच्या विटा मालानें बुजतां कामा नयेत. जोडघर असल्यास शेजाऱ्याच्या हद्दीवर पोकळींत अडसर घालावा लागतो, नाहीं तर आपला माल त्याच्या भिंतींत जाऊन बसतो !

एकदां भरलेली भिंत रिकामी करतां येते. पण खालच्या विटा काढून माल ओढून घ्यावा लागतो, आणि तें काम भरण्याहून पुष्कळ कष्टाचें व खर्चाचें. या धंद्याची एक हमी-संस्था तेथें १९९५ पासून आहे, व ती २५ वर्षांची हमी देते. हमीपत्र अवश्य घ्यावें. मात्र घराची निगा मालकानें राखली पाहिजे ही अट त्यांत असते, ती वाचून घ्यावी.

हें सर्व मीं पुतण्यास लिहिलें, आणि वर सांगितलें, "जो माल विकतो त्याच्याकडूनच भिंतीची परीक्षा करवूं नकोस. निराळा माणूस आण, भोंकांतून बारीक कॅमेरा घालून पोकळी पाहावयास सांग. आणि एखाद्या झडीच्या दिवशीं छत्री घेऊन स्वतः बाहेर उभा राहा. कोणती भिंत किती भिजते तें पाहा."

त्याचें दुसरें पत्र परवांच आलें. तिन्ही बाजूंची पोकळी पाहून झाली. पुढची व मागची स्वच्छ निघाली. पश्चिमेच्या भिंतीच्या तळाशीं हातभर राडा आहे आणि वरच्या मजल्याच्या दर्जा बोटानें उकरल्या जातात. तेव्हां तो राडा काढून घेऊन दर्जा नव्यानें भरविणार, एक पावसाळी हंगाम ती भिंत कशी राहते तें पाहणार, आणि मगच पोकळी भरणार. तोंपर्यंत वहिनींचा पलंग त्यानें पूर्वेच्या खोलींत हलविला आहे.