जिवाणूत नसलेला अवयव

1960च्या दशकातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जिवाणूच्या आवरणाला आतून चिकटलेली, घड्याघड्यांची एक पिशवी हमखास भेटते. तिचे नाव मेसोसोम. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती वेगवेगळ्या प्रयोगशाळांना, वेगवेगळ्या जिवाणूंत पुन्हा पुन्हा दिसत होती. दिसते आहे म्हटल्यावर तिला कामेही नेमून दिली गेली: श्वसन, पेशीविभाजन, डीएनएची वाटणी. अडचण एवढीच, की जिवंत जिवाणूत ती नव्हतीच. नमुना टिकवण्यासाठी वापरलेल्या रसायनांमुळे आवरणाला घड्या पडत होत्या आणि त्या घड्यांना अवयवाचा मान मिळत होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. इथे कांकण आरशानेच घडवले होते. म्हणून या यंत्राने दिलेल्या चित्राला फोटो न मानता साक्ष मानावे आणि साक्षीची उलटतपासणी करावी, हेच शहाणपणाचे.

साक्ष का, हे यंत्राच्या घडणीतच आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळे दिसत नाहीत. प्रकाशलहरींची लांबीच आड येते. 1931मध्ये बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नॉल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरला आणि ती अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला. पण इलेक्ट्रॉनला हवा चालत नाही, त्यामुळे नमुना निर्वात नळीत ठेवावा लागतो, आणि निर्वातात पाणी टिकत नाही. पेशी तर बहुतांशी पाणीच. मग ती रसायनांनी पक्की करायची, अल्कोहोलने सुकवायची, रेझिनमध्ये बसवायची आणि हिऱ्याच्या पात्याने तिचे काप काढायचे. काप इतके पातळ, की केसाच्या जाडीत हजारेक मावावेत. एवढे करूनही चित्र फिकेच येते, कारण कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन ही हलकी मूलद्रव्ये इलेक्ट्रॉनला फारशी अडवत नाहीत. म्हणून शिसे आणि युरेनियमचे क्षार लावतात. पडद्यावर जे काळे दिसते ते बरेचसे या धातूंचे, प्रथिनाचे नव्हे. वर्तमानपत्रांतल्या विषाणूंचा लाल-निळा रंग तर मागाहून भरलेला असतो.

मग ही सगळी चित्रे केराच्या टोपलीत टाकायची का? मुळीच नाही. अशाच पद्धतीने जॉर्ज पलाडे यांना 1950च्या दशकात पेशीत गडद दाणे दिसले होते. ते खरे निघाले. आज आपण त्यांना रायबोसोम म्हणतो. फरक कुठे पडला? हे दाणे सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळे काढता आले, त्यांत आरएनए सापडले, प्रथिने बनवण्याचे काम त्यांच्याकडे असल्याचे परीक्षानळीत दाखवता आले. चित्राशी संबंध नसलेल्या साक्षीदारांनीही तेच सांगितले. मेसोसोमच्या बाजूने असा साक्षीदार ठामपणे कधी उभा राहिला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे जुने झाले, आता गोठवून पाहण्याचे तंत्र आले आहे. खरे आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला हायडेलबर्गमध्ये जाक दुबोशे यांनी पाण्याचा पातळ थर अतिथंड द्रवरूप इथेनमध्ये झटक्यात बुडवला. बर्फाचे स्फटिक व्हायला वेळच न मिळाल्याने पाणी काचेसारखे थिजले आणि नमुना आहे तसा राहिला. असे गोठवलेले जिवाणू पाहिले, तर मेसोसोम गायब! पण ढवळाढवळ संपली नाही, ती रसायनांच्या बाटलीतून संगणकात गेली. झोत तीव्र असेल तर प्रथिन जळते, म्हणून तो क्षीण ठेवावा लागतो आणि चित्रात बिनसिग्नलच्या टीव्हीसारख्या मुंग्याच मुंग्या दिसतात. उपाय म्हणजे एकाच प्रथिनाच्या हजारो, कधी लाखो प्रतिमा जुळवून त्यांची सरासरी काढायची. ही गणिती वाट योआखिम फ्रँक यांनी घालून दिली. आता नुसत्या मुंग्यांची हजारभर चित्रे घ्या आणि संगणकाला सांगा, आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवून सरासरी काढ. आइन्स्टाइनचा चेहरा उमटतो! या सापळ्याचा इशारा 2013मध्ये रिचर्ड हेंडरसन यांनी दिला. 2017मध्ये दुबोशे आणि फ्रँक यांच्यासोबत नोबेल मिळालेले, म्हणजे याच तंत्राचे एक जनक. त्यावरची तपासणीही सोपी आहे: प्रतिमांचे दोन गट करायचे, दोन्हींवरून स्वतंत्र रचना काढायच्या आणि त्या जिथवर जुळतात तिथवरचाच तपशील खरा मानायचा.

एवढी चिकित्सा म्हणजे अविश्वास, असे कुणी म्हणेल. साथीच्या दिवसांत वेळ कुठे असतो? पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च 2020मध्ये प्रसिद्ध केलेले करोना विषाणूचे चित्र आठवावे. केरळमधल्या पहिल्या भारतीय रुग्णाच्या घशातल्या नमुन्यात दिसलेला, सुमारे 75 नॅनोमीटरचा करडा ठिपका, कडेला खुंटांसारखे काटे. काट्यांवरून करोना कुळ ओळखू येते; त्या कुळातला नेमका कोणता, हे नाही. पण पीसीआर चाचणी आणि जनुकीय क्रमवारी आधीच झाली होती. चित्राखाली विषाणूचे नाव छापता आले ते त्या दोन साक्षींच्या बळावर.