घर हलवताना आधी बाटल्या पाहा

मे महिना लागला की आपल्या जिल्ह्यात टेम्पोवर कपाटे, पलंग आणि तुळशीच्या कुंड्या दिसू लागतात. बदल्या झालेल्या असतात आणि शाळा उघडण्यापूर्वी बिऱ्हाड हलवायचे असते. भांडी कशी बांधावीत हे मी गृहिणींना काय सांगणार? काचेचे कप जुन्या साड्यांत गुंडाळण्याची त्यांची हातोटी माझ्याहून कितीतरी चांगली. पण या दिवसांत दवाखान्यात जे रुग्ण येतात ते फुटलेल्या बरणीपायी येत नाहीत.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उमरग्याहून धाराशिवला आलो. आईचे इन्शुलिन फ्रीजमध्ये होते. फ्रीज बंद करून दोरीने आवळला आणि टेम्पोत सर्वांत आधी चढवला, म्हणजे उतरवायचा सर्वांत शेवटी. नळदुर्गजवळ टेम्पो पंक्चर झाला. रात्री नऊला सामान उतरले तेव्हा इन्शुलिनची बाटली हाताला कोमट लागली. आईचे संध्याकाळचे इंजेक्शन चुकले होते. सकाळी साखर ३८० भरली. घरात डॉक्टर असून ही तऱ्हा!

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वापरातली बाटली ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. पण मे महिन्यात टेम्पोच्या केबिनमध्ये ३० अंश कुठले? बाटली डब्यात घालून डबा ओल्या फडक्यात गुंडाळावा किंवा थर्मासमध्ये ठेवावी, मात्र बर्फाला थेट टेकू देऊ नये. गोठलेले इन्शुलिन निकामी होते. रक्तदाब, फिट, दमा, हृदयविकार यांची आठवडाभराची औषधे, चिठ्ठ्या आणि चष्मा एका पिशवीत घालून ती पिशवी घरातल्या माणसाच्या खांद्यावर असू द्या, टेम्पोत नको.

आता बाटल्यांविषयी. सामान बांधताना शिडीखालचा, न्हाणीतला, गोठ्यातला कोपरा रिकामा होतो आणि तिथे वर्षानुवर्षे दडलेले सारे जमिनीवर येते. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड, रंगाचा थिनर, उरलेले रॉकेल, फवारणीचे औषध. यातले निम्मे शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतलेले असते. मोठी माणसे कपाट उचलण्यात गुंतलेली, ऊन रणरणते, आणि तीन वर्षांच्या पोराला तहान लागलेली. अशा एका मुलाने थिनरचा एकच घोट घेतला होता. आजीने मायेपोटी मिठाचे पाणी पाजून त्याला उलटी करवली आणि तिथेच घात झाला. रॉकेल किंवा थिनर पोटापेक्षा फुप्फुसात गेले तर जास्त वाईट, आणि उलटी होताना ते नेमके तिकडे जाते. मुलगा वाचला, पण सहा दिवस ऑक्सिजनवर होता. कोणतेही विष पोटात गेले तरी घरी उलटी करवू नये. फवारणीचे औषध अंगावर सांडले असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि १०८ ला फोन करावा. ती बाटली किंवा तिच्यावरचे लेबल डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावे.

बाटल्यांहून मला जास्त भीती वाटते ती धान्याच्या पोत्यांची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. सास्तूरकडच्या लोकांनी माळवदाची घरे सोडली. पूर्वी ज्वारी पेवात असे. पेव उघडले की जुनी माणसे लगेच आत उतरत नसत, कोंदलेली हवा जीव घेते हे त्यांना ठाऊक होते. आता पोती निजायच्या खोलीतच रचलेली असतात आणि किडीसाठी त्यात गोळ्या टाकतात. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या घरात वापरायच्या नाहीतच. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. त्यावर उतारा नाही, आणि तोंडाला बांधलेला रुमाल तो अडवत नाही. अशी पोती बंद गाडीत माणसांबरोबर नेऊ नयेत, आणि नव्या घरी पहिल्या रात्री "उद्या लावू" म्हणून मुलांच्या अंथरुणाशेजारी तर मुळीच ठेवू नयेत. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना मळमळ, उलट्या, छातीत जडपणा जाणवू लागला, तर अपचन समजून सोडा-लिंबू देत बसू नका. आधी सगळ्यांना उघड्यावर आणा आणि दवाखाना गाठा. उरलेली करडी पूड पाण्यात टाकू नये.

पाठीचे तर विचारूच नका. पुस्तके मोठ्या खोक्यात भरली की ते खोके कोणाची तरी कंबर धरणारच. जड वस्तू लहान खोक्यात भरावी आणि गुडघ्यात वाकून उचलावी.

राहिला विंचू. सरपण, पत्रे, जुन्या विटा हलवताना आधी काठीने ढोसावे आणि बूट झटकूनच पायात घालावेत. दंशावर चिरा देऊ नये, आवळूनही बांधू नये. लहान मुलाला दरदरून घाम, उलट्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले, तर एक मिनिटही थांबू नये. पूर्वी असली मुले हातची जात. महाडला प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध विंचूदंशावर वापरून डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे चित्र पालटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते मूळचे आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले.

आमच्या घरी आता नियम आहे. टेम्पो दारात येण्याच्या आदल्या दिवशी मी रिकामी बादली घेऊन घरभर फिरतो आणि लेबल नसलेली प्रत्येक बाटली तिच्यात उभी करतो. मागच्या वेळी अकरा निघाल्या. त्यांतल्या तिघींत काय होते ते बायकोलाही सांगता आले नाही.