नागरी कळफलक आणि वापरकर्त्याचा अभ्यास : पवई येथील एक उदाहरण

वस्तू घडविण्यापूर्वी ती वापरणाऱ्या माणसाचा अभ्यास करावा, हा विचार ऐकताना इतका स्वाभाविक वाटतो की त्याचे स्वतंत्र शास्त्र असावे याचेच नवल वाटावे. १९८५ साली जॉन गूल्ड व क्लेटन लुईस यांनी या शास्त्राची तीन तत्त्वे मांडली : वापरकर्ता व त्याचे काम यांकडे आरंभापासून लक्ष देणे, प्रत्यक्ष वापराचे मोजमाप करणे आणि त्या मोजमापाच्या आधारे रचना पुनःपुन्हा सुधारणे. यांपैकी तिसरे तत्त्व सर्वांना मान्य असते, आणि तेच सर्वांत कमी पाळले जाते.

अंधेरी आणि विक्रोळी यांच्यामधील पवई येथे, आय. आय. टी. च्या आवारात १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर स्थापन झाले. तेथे पदव्युत्तर शिक्षणास येणारा विद्यार्थी अभियांत्रिकीचा, वास्तुशास्त्राचा किंवा ललित कलेचा पदवीधर असतो. अशा संमिश्र पूर्वपीठिकेच्या अभ्यासकांकडून काय साधते, हे पाहण्यास मराठी लेखनाच्या कळफलकाइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल.

संगणकावरील इन्स्क्रिप्ट या मांडणीत स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असतात. ही मांडणी शास्त्रशुद्ध आहे, परंतु ती आधी शिकावी लागते. शिवाय टंकलेखन यंत्रावर हात बसलेला कारकून पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवी, तर संगणकाला ती व्यंजनानंतर हवी असते. रफाराची गोष्ट याहून विलक्षण. ‘अर्क’ लिहिताना हात आधी ‘क’ काढतो आणि मग त्यावर रफार देतो. यंत्राच्या लेखी मात्र ‘र्’ आधी येतो. अडखळणाऱ्या माणसाला अडाणी म्हणणे सोपे असते. त्याच्या मनात अक्षर आकाररूपाने आहे आणि यंत्र ध्वनिक्रम मागत आहे, हे ध्यानात यावयास मात्र शेजारी बसून निरीक्षणच करावे लागते.

या केंद्रातील अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनी ‘कीलेख’ नावाचा कळफलक सिद्ध करून त्यावरील निबंध २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी नवा क्रम शोधला नाही. शाळेत पाठ झालेली वर्णमालाच, तिच्या वर्गांसह, कळांवर मांडली. पुढे स्पर्शपटलाचे भ्रमणध्वनी आल्यावर याच विचारातून ‘स्वरचक्र’ निर्माण झाले व २०१३ साली ते विनामूल्य उपलब्ध झाले. त्यात व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती चक्र उमटते व त्यावर ‘का’, ‘कि’, ‘की’ अशी रूपे दिसतात. हव्या त्या रूपाकडे बोट सरकविले की काम झाले. आपल्या बाराखडीचेच हे वर्तुळाकार रूप होय. जोडाक्षराची युक्ती तर अधिक मार्मिक आहे. चक्रावरील पाय मोडलेले रूप निवडताच साऱ्या कळा बदलतात आणि प्रत्येक कळेवर तयार जोडाक्षर दिसू लागते. ‘क्ष’ हा ‘क्’ व ‘ष’ यांचा संयोग आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही आकार ओळखता येतो. पाठ करण्याऐवजी ओळखणे, एवढाच हा बदल. पण ‘स्वातंत्र्य’ लिहू पाहणाऱ्यास तो पुष्कळ मोठा वाटतो.

तथापि या रचनेचा पाया एका गृहीतावर उभा आहे : वापरकर्त्याला वर्णमाला क्रमाने येते. घाटकोपर-मुलुंडच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलाबाबत हे गृहीत टिकेलच असे नाही. त्याला ‘ढ’ ओळखता येईल; तो ‘ड’ नंतर येतो हे आठवेलच असे नाही. अशा वापरकर्त्यास रोमन अक्षरांतून मराठी लिहिणे अधिक जवळचे वाटते, आणि त्याला आळस म्हणणे हे त्या कारकुनाला अडाणी म्हणण्यासारखेच आहे. त्याच्या मनात नागरी अक्षरांचा कोणता क्रम आहे, किंबहुना काही क्रम आहे काय, हे त्याच्या शेजारी बसूनच पाहावे लागेल.