सामान्यनामाकडून व्यापारचिन्हाकडे : एका डच सशाच्या नावाचा विचार

चित्रपुस्तकातील एखादे पात्र पानांतून बाहेर पडावे आणि बाहुल्या, कपबश्या, पांघरुणे व दप्तरे यांवर येऊन बसावे, हा प्रकार आज नित्याचा झाला आहे. तो नवा मात्र नव्हे. बिअट्रिक्स पॉटर यांचे पीटर रॅबिटचे पुस्तक इंग्लंडात १९०२ साली प्रकाशकामार्फत प्रसिद्ध झाले आणि १९०३ मध्येच त्या सशाच्या बाहुलीच्या नमुन्याची सरकारदरबारी नोंद झाली. अशा स्थित्यंतराचा विचार बहुधा व्यापाराच्या किंवा बालमानसाच्या दृष्टीने होतो. परंतु पात्र वस्तूवर जाते तेव्हा त्याच्या नावाचे काय होते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेतला आहे. डिक ब्रुना या डच चित्रकाराच्या सशाचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरते.

ब्रुना यांचा जन्म १९२७ मध्ये उट्रेख्ट येथे झाला. १९५५ च्या सुट्टीत एग्मोंड येथील समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत दिसलेल्या सशाच्या गोष्टी ते आपल्या लहान मुलाला सांगू लागले आणि त्याच वर्षी पहिले पुस्तक निघाले. १९६३ मध्ये चित्रे नव्याने काढण्यात आली व पुस्तकाला आजचा लहानसा चौरस आकार मिळाला. एका बाजूस चित्र आणि दुसऱ्या बाजूस चार ओळींचे पद्य, जाड काळी रेषा, मोजके रंग, डोळ्यांचे दोन ठिपके आणि तोंडाच्या जागी एक फुली, एवढ्या सामग्रीवर हे पात्र उभे आहे.

या पात्राचे मूळ नाव 'नाइंत्ये'. डच भाषेत सशाला 'कोनाइन' म्हणतात. त्याला '-त्ये' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून 'कोनाइंत्ये', म्हणजे 'लहानसा ससा', असे रूप होते. या शब्दातील आघात दुसऱ्या अक्षरावर आहे, पहिले 'को' निराघात आहे. बोलावयास शिकणारी मुले आघातयुक्त अक्षर आणि त्यापुढील भाग टिकवितात व आरंभीचे निराघात अक्षर गाळतात, ही बालभाषेच्या अभ्यासात सुपरिचित असलेली प्रक्रिया होय. 'नाइंत्ये' हे अशा रीतीने उरलेले रूप आहे. तेव्हा हे नाव ऐकताच डच बालकाला व त्याच्या आईला त्यात सशाची ओळख पटते, आणि तो शब्द कोणाच्या तोंडचा आहे हेही कळते.

मराठी वाचकास याच्या जवळचा अनुभव 'चिऊ' आणि 'काऊ' या शब्दांत येईल. त्यांत पक्ष्यांच्या आवाजाचे अनुकरण आहेच, तथापि 'चिमणी' व 'कावळा' या शब्दांचा आरंभही त्यांत ऐकू येतो. मराठीत शब्दाचे पहिले टोक टिकले, डचमध्ये पुढचे टिकले, एवढाच भेद. दुसरे साम्य लिंगाचे. डचमधील लघुत्वदर्शक नाम नेहमी नपुंसकलिंगी असते. मराठीतही कोकरू, वासरू, शिंगरू, लेकरू ही नामे नपुंसकलिंगीच आहेत. लहानपणात नर-मादी हा भेद गौण ठरतो, असा संकेत दोन्ही भाषांनी स्वीकारलेला दिसतो. आरंभीच्या पुस्तकांत नाइंत्ये मुलगा की मुलगी हे ठरलेले नव्हते. पुढे १९७० च्या वाढदिवसाच्या पुस्तकात त्याला फुलाफुलांचा झगा मिळाला आणि ते पात्र 'ती' झाले. व्याकरणाने मोकळी ठेवलेली जागा चित्राने भरली, असे म्हणावयास हरकत नाही.

सामान्यनामाचे विशेषनाम होणे, ही या प्रवासातील पहिली पायरी. या पायरीवर अर्थ अजून शाबूत असतो. चिऊताई ही गोष्टीतील एक विशिष्ट चिमणी असली तरी अंगणातली कोणतीही चिमणी 'चिऊ' राहतेच. तद्वत नाइंत्ये हे पात्राचे नाव झाले तरी त्यामागचा 'कोनाइंत्ये' लपत नाही.

दुसरी पायरी भाषांतराची. येथे दोन मार्ग दिसतात. १९६४ मध्ये जपानी प्रकाशन झाले तेव्हा इशिई मोमोको यांनी या पात्राला 'उसाको-चान' असे नाव दिले. 'उसागी' म्हणजे ससा. त्यातील 'उसा' घेऊन त्याला मुलींच्या नावांत येणारे 'को' आणि लाडाचे 'चान' जोडले. डच नावात शब्दाचा आरंभ गळला होता, जपानीत शेवट गळला. परंतु जे साधावयाचे ते दोन्हीकडे सारखेच साधले. हे ध्वनीचे भाषांतर नसून नाव घडविण्याच्या रीतीचे भाषांतर आहे. इंग्रजीत याच दशकात 'मिफी' हे नाव रूढ झाले. उच्चारास ते सुलभ आहे, पण त्यात ससा नाही. ते कोणत्याही शब्दाचे अपभ्रष्ट रूप म्हणून ओळखू येत नाही. चित्र दाखविल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही.

तिसऱ्या पायरीवर, म्हणजे व्यापारात, हे उणेपणच उपयोगी ठरले. व्यापारचिन्हाच्या कायद्याचे एक मूलतत्त्व असे आहे की, मालाचे वर्णन करणारा शब्द कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, कारण इतर व्यापाऱ्यांनाही त्या शब्दाची गरज असते. भारताच्या १९९९ च्या अधिनियमातही हेच तत्त्व आहे. उलट ज्या शब्दाला भाषेत दुसरा अर्थ नाही तो चिन्ह म्हणून बळकट असतो. ब्रुना यांच्या कृतींचे हक्क सांभाळण्यासाठी १९७१ मध्ये 'मर्सिस' ही संस्था स्थापन झाली. नेदरलँड्समध्ये 'नाइंत्ये' हे नाव टिकले असले तरी बाहेरच्या जगात वस्तूंवर 'मिफी' हेच नाव पसरले. जपानात तर उसाको-चान हे पुस्तकातले नाव आणि मिफी हे वस्तूंवरचे व पुढे अन्य प्रकाशकाच्या पुस्तकांवरचेही नाव, अशी दोन नावे शेजारी शेजारी नांदू लागली. एकाच सशाची ही दोन नावे दोन निरनिराळी कार्ये करतात. एक सांगते, दुसरे केवळ दर्शविते.

नाव अर्थाने रिकामे होत जाते तसतशी मालकी पक्की होते, हा या उदाहरणाचा मुख्य निष्कर्ष होय. ग्रंथस्वामित्व, म्हणजे कॉपीराइट, लेखकाच्या मृत्यूनंतर युरोपात सत्तर वर्षे टिकते. ब्रुना २०१७ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०८७ च्या अखेरीस संपेल. व्यापारचिन्हाची नोंद मात्र दर दहा वर्षांनी नवी करीत राहिल्यास तिला शेवट नाही. पॉटर यांच्या मूळ कृतींवरील ग्रंथस्वामित्व ब्रिटनमध्ये २०१३ च्या अखेरीस संपले, तरी पीटर रॅबिटचे नाव व्यापारचिन्ह म्हणून राखलेलेच आहे. गोष्ट सर्वांची होते, नाव राखीव राहते.

तथापि भाषा ही मालकी निमूटपणे मान्य करीत नाही. काही डच विनोदकारांनी 'नाइंत्ये'तील आद्य 'न'च्या जागी 'ल' घालून 'लाइंत्ये' असे रूप केले. त्याचा मूळ अर्थ 'लहान रेघ', परंतु बोलीत तो शब्द कोकेनच्या रेघेसाठी वापरतात, आणि सोबतच्या चित्रात ससा तसेच करताना दाखविला होता. हा वाद न्यायालयात गेला. २०११ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या अपील न्यायालयाने हे विडंबन ग्राह्य मानले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा विनोद 'मिफी' या नावावर होऊच शकला नसता. ज्या नावाची मुळे अद्याप भाषेत आहेत त्याच नावाशी भाषा खेळू शकते. चित्राच्या बाबतीत न्यायालयाची भूमिका निराळी होती. जपानी 'हॅलो किटी'च्या परिवारातील 'कॅथी' नावाचा ससा नाइंत्येशी फार मिळताजुळता आहे, म्हणून २०१० मध्ये ॲम्स्टरडॅमच्याच न्यायालयाने बेनेलक्स देशांत त्याच्या वस्तूंना मनाई केली. पुढील वर्षी उभयपक्षी तडजोड झाली.

ब्रुना यांनी व्यापारासाठी आपली कला विटाळली, असा निष्कर्ष मात्र यावरून काढणे योग्य होणार नाही. त्यांची कला मुळातच मुद्रणव्यवसायात वाढली होती. कुटुंबाच्या प्रकाशनसंस्थेसाठी ते मुखपृष्ठे व भित्तिपत्रके करीत, आणि तेथील स्वस्त पुस्तकमालेचे नावच 'काळी अस्वलुली' अशा अर्थाचे, त्याच लघुत्वदर्शक प्रत्ययाचे होते. दुरून एका दृष्टिक्षेपात ओळखू येणारी आकृती ही भित्तिपत्रकाची गरज. वाचता न येणाऱ्या बालकाचीही तीच गरज, आणि व्यापारचिन्हाचीही तीच. या तिन्ही गरजा एका रेषेत आल्या, हे या पात्राच्या प्रसाराचे खरे कारण दिसते.

प्रश्न उरतो तो शब्दाचा. चिऊताईची गोष्ट सांगावयास, तिचे नाव घरावर, दुकानावर किंवा मुलीला ठेवावयास कोणाची अनुज्ञा लागत नाही. नाइंत्ये हा शब्दही बालकाच्या जिभेवरील ध्वनिलोपाच्या रीतीनेच घडलेला आहे. ती रीत कोणाच्या मालकीची नाही, तिचे फळ मात्र नोंदवहीत आहे. उट्रेख्टमध्ये या सशाच्या नावाचा एक लहान चौक आहे, 'नाइंत्ये प्लाइंत्ये'. 'प्लाइन' म्हणजे चौक, त्यालाही तोच प्रत्यय लागला आहे आणि त्यातून यमक साधले आहे. व्यापारचिन्ह झालेल्या शब्दाला त्याच्या भाषेने अशा रीतीने पुन्हा आपल्या शब्दांच्या पंक्तीत बसवून घेतले आहे.