घुबड गाते का?

इंग्रजी शिकताना ‘सिंग’ हे क्रियापद अगदी सुरुवातीला भेटते. ‘सिंग म्हणजे गाणे’ एवढे पाठ झाले, की काम संपले असे वाटते. वाचन वाढले की मात्र विद्यार्थी गोंधळतो. इंग्रजीत माणूस गातो आणि पक्षी गातो, तसा रातकिडाही गातो. चुलीवरची किटली गाते, वाऱ्यात तारा गातात, जवळून गेलेली बंदुकीची गोळी गाते आणि थोबाडीत बसली की कान गातात. पोलिसांपुढे साथीदारांची नावे सांगून टाकणारा चोरसुद्धा गातो!

मराठीत यांतले बहुतेक कोणी गात नाही. आपला रातकिडा किरकिरतो, पाणी सूं सूं करते, गोळी सणसणत जाते, कान गुणगुणतात आणि चोर पोपटासारखा बोलू लागतो. उलट, आपण कोणाचे गोडवे गातो, कोणी आपले रडगाणे गातो. म्हणजे ‘सिंग’ आणि ‘गाणे’ ही दोन वर्तुळे एकमेकांवर थोडीशीच येतात. भाषेच्या तासाला एवढे सांगितले तरी पुरते. विज्ञानाच्या तासाला मात्र पुढचा प्रश्न विचारायला हवा : आवाज येतो कसा, आणि तो कशासाठी असतो?

किटली आणि तार

आधी निर्जीव गायक पाहू. पाणी तापत असताना भांड्याच्या तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात. वरचे पाणी अजून तेवढे तापलेले नसते. बुडबुडे त्या थंड पाण्यात शिरले, की आतली वाफ निवते आणि ते एकदम मिटतात. अशा असंख्य बुडबुड्यांच्या मिटण्याचा तो आवाज. सगळे पाणी उकळू लागले की बुडबुडे न मिटता पृष्ठभागापर्यंत येतात, म्हणून खळखळ वाढते पण ते ‘गाणे’ थांबते. चहाचे आधण ठेवून हे कोणत्याही घरी ऐकता येईल.

तारेचे गणित तर वर्गात करता येते. वारा तारेला वळसा घालून जाताना तिच्या मागे आळीपाळीने वर आणि खाली भोवरे सुटतात. चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी १८७८ साली याचा नियम मांडला. वाऱ्याच्या वेगाला तारेच्या जाडीने भागून सुमारे ०.२ ने गुणले, की आवाजाची वारंवारता मिळते. तार ४ मिलिमीटर जाडीची आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ८ मीटर असेल, तर उत्तर येते ४०० हर्ट्झ. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील पांढरी पाच या पट्टीच्या जवळचा हा सूर आहे. वारा वाढला की सूर चढतो. तारेला मात्र यातून काही सांगायचे नसते. येथे आवाजाला कारण आहे, हेतू नाही.

गाणे आणि हाक

पक्ष्यांचे तसे नाही. पक्षिशास्त्रज्ञ पक्ष्यांच्या आवाजांचे ढोबळमानाने दोन प्रकार करतात, गाणे आणि हाक. साप दिसला म्हणून केलेला कलकलाट किंवा थवा एकत्र ठेवण्यासाठी काढलेला छोटा आवाज म्हणजे हाक. ‘ही जागा माझी आहे’ आणि ‘मी जोडीदार शोधतो आहे’ हे सांगण्यासाठी ठरावीक नमुन्याने पुन्हा पुन्हा काढलेला आवाज म्हणजे गाणे. तो आपल्या कानाला गोड लागतो की नाही, याचा या व्याख्येशी संबंध नाही. म्हणूनच पंखांवर पंख घासून मादीला बोलावणारा रातकिडा शास्त्राच्या भाषेत गायकच ठरतो.

कोकिळेचे उदाहरण घेऊ. आपण म्हणतो ‘कोकिळा गाते’, पण उन्हाळ्यात आंब्यावर बसून कुहू कुहू करणारा पक्षी नर असतो, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. ठिपकेदार तपकिरी मादी तीक्ष्ण किक-किक असा आवाज काढते. भाषेने गाण्याचे श्रेय चुकीच्या पक्ष्याला दिले आहे. मात्र यावरून ‘पक्ष्यांत फक्त नर गातात’ असा नियम काढू नये. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत, ज्या गायक पक्ष्यांची माहिती उपलब्ध होती त्यांच्यापैकी ७१ टक्के जातींत माद्याही गातात असे आढळले.

आणखी एक गंमत. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते आणि दिवसभर काव काव ऐकते. तरी मोठेपणी ते कोकिळेचेच बोल काढते, कारण ते बोल उपजत असतात. याउलट केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्ले जातभाईंच्या आवाजापासून दूर वाढवली, तेव्हा ती मोठी होऊन अर्धेकच्चे गाणे म्हणू लागली. त्या पक्ष्यांना गाणे शिकावे लागते. आपल्या अंगणातला दयाळ अशा शिकणाऱ्यांच्या कुळातला आहे.

आमच्या डोंगरातला गायक

आता शीर्षकातला प्रश्न. मराठीत घुबड घुत्कारते किंवा ओरडते. ते गाते असे कोणी म्हणत नाही. घुबडाचे ओरडणे अशुभ, ही समजूत तर गावोगाव आहे आणि तिच्यापायी घुबडांना मारलेही जाते. पण वरची व्याख्या लावली, तर आपल्या हद्दीत बसून घुमणारे घुबड गातच असते. ‘ही ढोली माझी आहे’ एवढाच त्याचा निरोप असतो आणि तो दुसऱ्या घुबडासाठी असतो. घरातल्या आजारी माणसाशी त्याचा काही संबंध नसतो.

अकोटच्या उत्तरेला सातपुड्याची रांग लागते. तेथल्या मेळघाटच्या जंगलात रानपिंगळा हे छोटे घुबड राहते. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा मिळाला नाही आणि तो नामशेष झाला असावा असे अनेकांना वाटू लागले. मधल्या काळातला, १९१४ सालचा म्हणून दाखवला जाणारा एक नमुना संग्रहालयातून चोरलेला निघाला. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा दिसला, तोही दिवसाउजेडी. नंतर रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी त्याच्या आवाजांचा अभ्यास करून १९९९ साली तो प्रसिद्ध केला. गावातल्या साध्या पिंगळ्याची कर्कश किलबिल आणि रानपिंगळ्याचे मृदू, घुमणारे बोल वेगळे आहेत. हा फरक नेमका कळल्यामुळे ध्वनिमुद्रण वाजवून आणि उत्तर ऐकून त्याचा शोध घेणे सोपे झाले. मेळघाटातही तो सापडला.

पण येथेच एक जबाबदारी येते. आज कोणत्याही पक्ष्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर मिळते. सहलीला गेलेली मुले ते हौसेने वाजवतात. पक्षी जवळ आला की ‘आपल्याला उत्तर दिले’ म्हणून आनंद होतो. वास्तविक त्याच्या दृष्टीने हद्दीत परका नर घुसलेला असतो. तो भक्ष्य शोधणे आणि घरटे राखणे सोडून प्रतिस्पर्ध्याला हुसकावायला धावतो. रानपिंगळा आजही संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. त्याचे आवाज अभ्यासकांनी परवानगीने आणि मोजून मापून वाजवावेत. इतरांनी फक्त ऐकावे.

शिक्षकांनी एक उपक्रम जरूर करून पाहावा. आठवडाभर विद्यार्थ्यांना घराच्या परिसरातले आवाज टिपायला सांगावेत. वहीत चार रकाने असावेत : आवाज कोणाचा, आपल्या घरी त्याला कोणता शब्द वापरतात, तो कसा निर्माण होतो आणि तो कशासाठी असावा. दुसऱ्या रकान्यात वऱ्हाडी आणि कोरकू शब्द आवर्जून येऊ द्यावेत. चौथा रकाना किटलीसमोर रिकामा राहील, कोंबड्यासमोर भरेल आणि काही ठिकाणी वाद होईल. तो होऊ द्यावा. पिंगळ्यासमोर एखाद्या विद्यार्थ्याने ‘अपशकुन’ लिहिले, तर ते खोडू नये. त्याला संध्याकाळी त्याच झाडाखाली उभे राहून, दुसऱ्या झाडावरून उत्तर येते का, ते ऐकायला सांगावे.