‘स्वेच्छेने’ परतले म्हणजे नेमकं काय?

माझा सिनॉप्सिस गाईडकडून पहिल्यांदा परत आला, तेव्हा त्यात एकाच शब्दाभोवती लाल पेनने गोल काढला होता: ‘स्वेच्छेने’. बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह. मी लिहिलं होतं, ‘आखातातून स्वेच्छेने रत्नागिरीत परतलेल्या कामगारांचा अभ्यास’. त्या एका प्रश्नचिन्हावर माझे सहा-सात महिने गेले. तुम्ही स्थलांतर या विषयावर काही करायच्या विचारात असाल तर तुमचे तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. एखाद्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला किंवा व्हिसा संपूनही तो देशात राहिला, तर सरकारपुढे साधारण दोन रस्ते असतात. पोलिसांकरवी हद्दपार करायचं, किंवा तिकीट, प्रवासाची कागदपत्रं आणि थोडेफार पैसे देऊन ‘तुम्हीच जा’ म्हणायचं. या दुसऱ्या रस्त्याला संशोधनात ‘असिस्टेड व्हॉलंटरी रिटर्न’ म्हणतात, थोडक्यात एव्हीआर. मराठीत याला काय म्हणावं हा प्रश्नच आहे. ‘परतावा’ म्हटलं की म्युच्युअल फंड आठवतो, आणि ‘घरवापसी’ शब्दाचं काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे. मी सरळ ‘मदत घेऊन परतणं’ लिहितो.

ही कल्पना जुनी आहे. पश्चिम जर्मनीत 1979 मध्ये आरईएजी नावाची योजना सुरू झाली, ती प्रवासखर्च द्यायची. 1989 मध्ये जीएआरपीची जोड मिळाली आणि गावी गेल्यावर नव्याने सुरुवात करायला रक्कम मिळू लागली. दोन्ही योजना सरकारच्या वतीने आयओएमने, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने, बरीच वर्षं राबवल्या. सरकारला हे हद्दपारीपेक्षा स्वस्त पडतं, आणि माणूस पोलिसांच्या पहाऱ्याशिवाय, इतर प्रवाशांसारखा घरी जातो. दोघांचाही फायदा! मग अडचण कुठे?

अडचण कायद्याच्या व्याख्येत आहे. युरोपीय संघाचा 2008 चा ‘रिटर्न डायरेक्टिव्ह’ उघडा आणि कलम 3 वाचा. तिथे ‘स्वेच्छेने निघून जाणं’ याचा अर्थ दिलाय: परत जाण्याच्या बंधनाचं, ठरवून दिलेल्या मुदतीत पालन करणं. पुन्हा वाचा. बंधनाचं पालन! कलम 7 प्रमाणे ही मुदत साधारण 7 ते 30 दिवसांची. त्या मुदतीत गेला नाहीत, तर कलम 11 प्रमाणे पुन्हा प्रवेशावर बंदी येते, एरवी जास्तीत जास्त पाच वर्षांची. म्हणजे इथे इच्छा ‘जायचं की नाही’ याबद्दल नाहीच. ती फक्त ‘कसं जायचं’ याबद्दल आहे. मी हा शब्द रोजच्या मराठी अर्थाने वापरला होता आणि गाईडने तिथेच पकडलं.

याच मुद्द्यावर एक खटला आहे, आणि तो दोन कारणांसाठी माहीत हवा. फिनलंडमध्ये एका इराकी माणसाचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला. 2017 मध्ये त्याने मदत घेऊन परतण्याच्या कागदावर सही केली आणि तो बगदादला गेला. काही आठवड्यांत त्याला गोळ्या घालून मारलं, असं मुलीने युरोपीय मानवाधिकार न्यायालयाला सांगितलं. फिनलंड सरकारचं म्हणणं, तो तर स्वेच्छेने गेला. नोव्हेंबर 2019 मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं नाही: खरी मोकळी निवड त्याच्यापुढे नव्हतीच, म्हणून सही असूनही फिनलंडची जबाबदारी संपत नाही. अभ्यासकांनी हा निकाल लगेच उचलून धरला. मी पण उचलला.

आणि मग कळलं की मृत्यूची कागदपत्रं बनावट होती. माणूस जिवंत होता. जुलै 2021 मध्ये न्यायालयाने स्वतःचाच निकाल रद्द केला. सहीबद्दलचा तर्क मला आजही पटतो, पण या निकालाचा आधार घेऊन तो मांडता येत नाही. 2019 ते 2021 मधले लेख वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर व्हायवाला फजिती होईल.

मग ‘स्वेच्छा’ मोजायची कशी? मला उपयोगी पडली ती जाँ-पिएर कासारिनो यांची 2004 मधली मांडणी. ते परतणाऱ्याच्या ‘तयारी’चे दोन भाग करतात: मनाची तयारी, आणि जवळ असलेली साधनं, म्हणजे पैसा, ओळखी, माहिती. परतायची ओढ आहे पण हातात काही नाही, किंवा उलट, असे लोक हो-नाहीच्या चौकटीत बसत नाहीत.

याला मी एक प्रश्न जोडला: दुसरा पर्याय काय होता? संयुक्त अरब अमिरातीने 2018 आणि 2024 मध्ये माफीची मुदत जाहीर केली, तेव्हा विनापरवाना राहणाऱ्यांना दंडाशिवाय देश सोडता येत होता, पण कागदपत्रं नियमित करून राहताही येत होतं. 2018 मध्ये तर नोकरी शोधायला सहा महिन्यांचा व्हिसा होता. तिथे नवा मालक मिळेल त्याला निवड होती. पासपोर्ट जुन्या मालकाकडे अडकलेला आणि साठी जवळ आलेली, अशा माणसाला ती फक्त कागदावर.

सॅम्पलचंही बघा. परतलेल्यांची यादी तुम्हाला योजना राबवणाऱ्या संस्थेकडूनच मिळाली, तर यादीत तेच असतात ज्यांचा फोन अजून लागतो. जे पुन्हा बाहेर गेले ते गळतात, आणि ‘योजना यशस्वी’ असा निष्कर्ष आपोआप निघतो. म्हणून मी गावातल्या मोहल्ला कमिटीकडून आणि वाडीतल्या दुकानदारांकडून नावं घेतली. वेळ तिप्पट लागला.

प्रश्नावलीतला ‘तुम्ही स्वेच्छेने परतलात का?’ हा प्रश्न मी काढून टाकलाय. पायलटमध्ये सगळे ‘हो’ म्हणाले होते. आता त्या जागी विचारतो, ‘त्या महिन्यात निघाला नसतात, तर पुढच्या महिन्यात कुठे राहिला असतात?’ एका काकांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि मग बायकोला म्हणाले, “तू जरा चहा टाक.” ती आत गेल्यावर बोलायला लागले.